परागकणांची साक्ष

जंगल नाहीसे झाले तरी त्याच्या खुणा गाळात उरतात. वनस्पतींचे परागकण वाऱ्याने उडतात, पाण्याबरोबर वाहतात आणि अखेरीस गाळात पुरले जातात. बहुतेक परागकण मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान असतात. पण त्यांचे बाह्य कवच स्पोरोपोलेनिन या अत्यंत चिवट द्रव्याचे असते. जेथे प्राणवायू पोहोचत नाही, अशा गाळात ते लक्षावधी वर्षे टिकू शकते.

प्रयोगशाळेत हायड्रोक्लोरिक आम्लाने गाळातील चुना व हायड्रोफ्लोरिक आम्लाने सिलिका विरघळवतात. उरलेले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून मोजले जातात. थराथरांतील त्यांच्या प्रमाणावरून त्या त्या काळच्या वनश्रीचे चित्र उभे राहते. मात्र पाइनच्या परागकणाला दोन हवेच्या पिशव्या असतात व तो फार दूर जातो. म्हणून तो सापडला, एवढ्यावरून पाइन तेथेच वाढत होता असे ठरत नाही. दुसरा पुरावा लागतोच. अमेरिकेत कोलोरॅडो नदीने कोरलेल्या ग्रँड कॅन्यनमधील कोरड्या गुहांत वनउंदरांनी जवळपासची पाने व काटक्या साठवून ठेवल्या होत्या. आज जेथे वाळवंटी झुडपे आहेत, त्या उतारांवर गेल्या हिमयुगात ज्युनिपरची झाडे होती, हे त्यांवरून कळले.

याच कॅन्यनने एक धडाही दिला. तेथील हकाताई शेल हा खडक शंभर कोटी वर्षांहून जुना आहे. १९६०च्या दशकात क्लिफर्ड बर्डिक यांनी त्यात पाइनसारख्या वृक्षांचे परागकण सापडल्याचे जाहीर केले. असे वृक्ष तर त्यानंतर कोट्यवधी वर्षांनी अवतरले! हा दावा खरा असता, तर वनस्पतींचा सारा इतिहास नव्याने लिहावा लागला असता. पुढे आर्थर चॅडविक यांनी काळजीपूर्वक नवे नमुने घेतले. त्यांत खडकाच्या काळचा एकही परागकण मिळाला नाही. हा निष्कर्ष त्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केला. विशेष म्हणजे, बर्डिक यांच्याप्रमाणे तेही सृष्टिनिर्मितीवादी होते. तरीही पुराव्याने जे दाखवले तेच त्यांनी लिहिले.

हवेत आजचे परागकण सदैव तरंगत असतात. ते खडकाच्या भेगांत शिरतात, भांड्यांवरही बसतात. म्हणूनच अभ्यासक नमुन्याविना तीच सारी प्रक्रिया करून पाहतात व कणांचा रंग आणि चपटेपणा तपासतात. कण खरा असला, तरी तो त्याच थरातील आहे का, हा प्रश्न उरतोच. आपल्याला हवे तेच उत्तर समोर आले असता हा प्रश्न अधिक कसोशीने विचारावा, हेच या अभ्यासाचे मर्म होय.