मर्दानी खेळ : पहिला धडा पडण्याचा

कुस्ती, मल्लखांब, लाठी व दांडपट्टा ही महाराष्ट्राची जुनी शरीरसंपदा होय. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन येथे देशी खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. हा वारसा जिंतूर तालुक्यातील बोरी, चारठाणा यांसारख्या गावांच्या प्राथमिक शाळांतही रुजू शकतो. मात्र सहा ते दहा वर्षांच्या मुलांना प्रौढ मल्लांच्या पद्धतीने शिकविणे इष्ट नव्हे.

पहिला धडा डावाचा नसून सुरक्षित पडण्याचा असावा. मूल मागे पडताना हात टेकवू पाहते आणि मनगट वा कोपर दुखावते. हनुवटी छातीशी घेऊन व पाठ गोल करून पडण्याचा सराव प्रथम बसून, मग उकिडवे बसून आणि शेवटी उभ्याने घ्यावा. पडण्याची भीती गेलेले मूलच पुढे निर्धास्तपणे शिकते.

या वयात लक्ष फार काळ टिकत नाही. म्हणून पाठ अर्ध्या तासाचा असावा, दर पाच-सात मिनिटांनी खेळ बदलावा व एका वेळी एकच सूचना द्यावी. हरलेल्यास बाहेर बसविणारे खेळ टाळावेत. कारण ज्याला सरावाची अधिक गरज, तोच मग रिकामा बसतो. जोड्या वयाऐवजी वजन पाहून लावाव्यात.

लाठी हलकी, गुळगुळीत व मुलाच्या खांद्याइतकीच उंच असावी. दोन मुलांत पुरेसे अंतर राखणे आणि ‘थांब’ म्हणताच हात थांबविणे अंगवळणी पडेपर्यंत समोरासमोर वार शिकवू नयेत. संयमाविना शिकविलेली लाठी उद्या भांडणात उगारली जाईल, याचे भान शिक्षकांनी ठेवावे.

ग्रामपंचायतीचा वाटाही मोलाचा आहे. काळी जमीन उन्हाळ्यात टणक होऊन भेगाळते. म्हणून आखाड्यात चाळलेली तांबडी माती घालून ती वेळोवेळी उकरावी. सकाळची वेळ, पिण्याचे पाणी व प्रथमोपचार पेटी यांची व्यवस्था असावी. मुलींनाही याच आखाड्यात समान स्थान मिळावे. एवढी तयारी असेल, तर पालक आपले मूल विश्वासाने पाठवतील.