तटस्थ मनुष्य आणि खोट्या वार्ता

‘तटस्थ’ या शब्दाचा मूळ अर्थ कांठावर उभा असलेला असा आहे. पात्रांत दोघे झुंजत असतां जो कांठावरून पाहतो तो तटस्थ. झुंजणाऱ्यांस हा मनुष्य सहसा आवडत नाहीं. कारण घडलें तें तो जसेंच्या तसें सांगेल अशी दोघांसही धास्ती असते. म्हणून युद्धभूमीवर परराष्ट्रांचे निरीक्षक पोहोंचण्यापूर्वींच त्यांच्याविषयींच्या खोट्या वार्ता तेथें पोहोंचलेल्या असतात.

आपल्या अणदुरावरून सोलापूर-हैदराबादचा रस्ता जातो. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य याच बाजूनें नळदुर्गावर चालून गेलें. निजाम सरकारनें त्यापूर्वींच, ऑगस्टमध्यें, आपली तक्रार राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीकडे धाडली होती. समितीनें ती १६ सप्टेंबरला विचारास घेतली आणि दुसऱ्याच दिवशीं निजामानें शरणागति पत्करली. त्रयस्थ पाहणारा येथें आलाच नाहीं. ज्यांच्या घरीं ते दिवस पाहिलेले वृद्ध असतील त्यांनीं त्या वेळच्या अफवांविषयीं त्यांना अवश्य विचारावें.

पुढें पांचच वर्षांनीं तटस्थाचें काम करण्याची पाळी आपल्याच देशावर आली. कोरियांतील युद्ध २७ जुलै १९५३ च्या तहानें थांबलें. परंतु दोन्ही पक्षांच्या हातीं असे कैदी उरले कीं, जे स्वदेशीं परत जाण्यास राजी नव्हते. दक्षिणेकडील पक्षापाशीं ते बावीस हजारांहून अधिक होते व त्यांत चिनी सुमारें चौदा हजार सातशें होते. उत्तरेकडील पक्षापाशीं साडेतीनशेंच्या आसपास. त्यांची व्यवस्था लावण्यासाठीं स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया व भारत या पांच राष्ट्रांचें मंडळ नेमण्यांत आलें. जनरल थिमय्या हे अध्यक्ष होते. प्रत्यक्ष पहारा करणारें सैन्य केवळ भारताचें होतें. त्याचे सेनापति होते कोल्हापूरकडील मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनीं भारतीय शिपायांस आपल्या भूमीवर पाऊल ठेवूं देण्याचें नाकारलें. भारत हा शत्रूचा मित्र, असें त्यांचें म्हणणें. तेव्हां इंचॉन बंदरांतील जहाजांवरून आपले शिपाई हेलिकॉप्टरांनीं थेट निःशस्त्र पट्ट्यांत उतरवावे लागले. तेथें त्यांनीं आपली छावणी वसविली व तिला ‘हिंद नगर’ असें नांव दिलें.

तारेच्या कुंपणामागें अफवा कशी वाढते हें येथें पाहण्यासारखें आहे. कैद्यांच्या प्रत्येक गोटांत कांहीं पुढारी होते. बाहेरची बातमी यावयाची ती त्यांच्याच मुखानें. दुसरें साधन नव्हतें. हे हिंदी लोक तुम्हांस बळजबरीनें कम्युनिस्टांच्या स्वाधीन करणार, असें त्यांनीं कैद्यांच्या मनावर बिंबविलें. भ्यालेल्या माणसाला अशी वार्ता खोटी ठरविण्याचा धीर होत नाहीं. खोटी मानली आणि खरी निघाली तर प्राणाशीं गांठ! (परीक्षेच्या दिवसांत शाळेंतही ज्या वार्ता उठतात, त्यांचें मूळ बहुधा असेंच असतें.)

२५ सप्टेंबर रोजीं चिनी कैद्यांनीं मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्यास आपल्या गोटांत ओढून नेऊन अडकवून ठेविलें. गोळीबार करावा तर ग्रेवाल यांचा जीव जाणार. थोरात थोडे सहकारी घेऊन स्वतःच त्या खवळलेल्या जमावांत शिरले. आरडाओरड चालू असतांच त्यांनीं पाहुणा घरीं आला असतां त्याची विचारपूस करण्याची रीत तुमच्यांत नाहीं काय, अशा अर्थाचें कांहीं विचारलें. लोक ओशाळले, विड्या आल्या, चहा आला आणि अखेर ग्रेवालही सुटले. प्रत्येक वेळीं मात्र इतकें निभावलें नाहीं. ऑक्टोबरच्या आरंभीं कैदी चालून आले असतां भारतीय शिपायांस गोळी झाडावी लागली व कांहीं कैदी मेले. तटस्थाचे हात सदैव स्वच्छ राहतात असें मीं लिहिलें तर तीही एक खोटी वार्ताच होईल.

इकडे उत्तरेकडील पक्षही प्रसन्न नव्हता. कैद्यांना धाक घालणाऱ्या पुढाऱ्यांस भारत आवरीत नाहीं, अशी त्याची ओरड होती. या ओरडींत तथ्य किती होतें, याविषयीं मंडळाचेंही एकमत झालें नाहीं. गोटांतील दडपणामुळें कैद्यांस मोकळेपणीं निवड करतां आली नाहीं, असें भारत, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया यांनीं लिहिलें. स्वीडन व स्वित्झर्लंड यांना तें पटलें नाहीं. एकाच दृश्याविषयीं प्रामाणिक माणसांचे दोन अभिप्राय पडणें निराळें आणि न घडलेलें घडलें म्हणून सांगणें निराळें.

जानेवारी १९५४ मध्यें मुदत संपली. सुमारें सहाशें कैदी स्वखुषीनें स्वदेशीं गेले. परत जाण्यास नकार देणाऱ्या हजारों कैद्यांपैकीं कोणासही भारतीयांनीं बळानें कम्युनिस्टांच्या हवालीं केलें नाहीं. आणि ज्यांना दोन्ही पक्ष नकोसे होते असे ऐंशींहून अधिक कैदी, बहुतेक कोरियन व थोडे चिनी, पहारा करणाऱ्या त्याच शिपायांच्या संगतीनें आपण होऊन भारतांत आले.