अंतराळ : देवळातली मधली जागा

गेल्या गणेशोत्सवात क्लोनडॉकिनच्या हॉलमध्ये मुलांना देवळाच्या भागांची नावे सांगत होतो. ‘अंतराळ’ म्हणताच एक चिमुरडी म्हणाली, “काका, देवळात रॉकेट कशाला?” सगळे हसले. प्रश्न मात्र चांगला होता, म्हणून हे टिपण.

मूळ संस्कृत शब्द ‘अंतराल’, म्हणजे मधली जागा. ग्रहताऱ्यांमधल्या पोकळीला आपण अंतराळ म्हणतो. देवळात सभामंडप आणि गाभारा यांना जोडणाऱ्या छोट्या, अरुंद भागाला हेच नाव आहे. मुखमंडप, सभामंडप, अंतराळ, गाभारा असा क्रम. बोळातून आपण नुसते पुढे जातो. अंतराळात क्षणभर थांबतोही. मागे मंडपातला उजेड आणि गर्दी, पुढे गाभाऱ्यातला काळोख आणि समई. एकातून दुसऱ्यात जाताना डोळ्यांना आणि मनालाही थोडा अवधी लागतो.

अंबरनाथचे शिवमंदिर अनेकांनी पाहिले असेल. तिथे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. मंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागते, त्यामुळे हा बदल पावलांनाही जाणवतो. कोल्हापूरला किरणोत्सवात मावळतीचे किरण महाद्वारातून आत येत थेट अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात. वाटेत काही आडवे आले, तर ते पोहोचत नाहीत. मधली वाट मोकळी असली तरच दर्शन!

आपल्या आयर्लंडमध्येही असे उदाहरण आहे. न्यूग्रेंजचे प्राचीन दफनस्थान इ. स. पूर्व ३२०० च्या सुमाराचे. डिसेंबरमधल्या सर्वात लहान दिवसांत उगवत्या सूर्याचा किरण सुमारे १९ मीटर लांबीच्या दगडी वाटेने आतल्या दालनात शिरतो आणि सुमारे १७ मिनिटे तिथे राहतो. धर्म वेगळा, काळ वेगळा, पण मधल्या वाटेचे महत्त्व त्या लोकांनीही ओळखले होते.

हे मला मात्र उशिरा कळले. तरुणपणी एका मुलाला त्याचे वडील गेल्याचे मी अतिदक्षता विभागाच्या दारातच, उभ्या उभ्या सांगितले. शेजारून ट्रॉल्या जात होत्या. सावरायला त्याला जागाच मिळाली नाही आणि तो तसाच आत गेला. त्याचा चेहरा अजून आठवतो. त्यानंतर मी नातेवाइकांना आधी एका शांत खोलीत बसवू लागलो. सांगायचे ते तिथे सांगायचे, थोडे थांबायचे आणि मगच त्यांना आत न्यायचे. माझ्या परीने ते अंतराळच.

आपला हॉल भाड्याचा, त्याला गाभारा कुठून असणार? दरवर्षी खुर्च्या, स्पीकर आणि प्रसादाची टेबले मखरापर्यंत येऊन भिडतात. यंदा मखरापुढे निदान सहा फूट जागा रिकामी ठेवू या. मुलांना तिथे क्षणभर थांबायला सांगू या. आणि कोणी विचारलेच, तर सांगावे, “बाळा, हे आपले अंतराळ. इथे रॉकेट लागत नाही, फक्त थांबावे लागते.”

गणपती बाप्पा मोरया!