बचाव ढासळला की नेम साधला?

१ एप्रिल १९८५ रोजी अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात व्हिलानोव्हाने जॉर्जटाऊनला ६६–६४ असे हरविले. जॉर्जटाऊनची ख्याती बचावाबद्दल होती. तरीही व्हिलानोव्हाचे बास्केटवरील २८ पैकी २२ नेम, म्हणजे सुमारे ७९ टक्के, अचूक लागले. मग जॉर्जटाऊनचा बचाव ढासळला, असे प्रेक्षकांनी म्हणावे काय?

थोडे गणित करू. जॉर्जटाऊनचे ५३ पैकी २९ नेम लागले. त्या सामन्यात अशा प्रत्येक बास्केटला २ गुण होते. म्हणजे येथे जॉर्जटाऊन १४ गुणांनी पुढे. परंतु फाऊलबद्दल मिळणाऱ्या, एकेका गुणाच्या फ्री थ्रोमधून व्हिलानोव्हाला २२ आणि जॉर्जटाऊनला केवळ ६ गुण मिळाले. येथे फरक १६ गुणांचा. १६ − १४ = २! फाऊल हाही बचावाचाच हिशेब, हे ध्यानात घ्या.

शिवाय २८ नेमांत एक नेम म्हणजे सुमारे साडेतीन टक्के. आणखी चार हुकते, तर ७९ चे ६४ टक्के झाले असते. नमुना लहान असला की योगायोगाचा वाटा मोठा. म्हणून एका सामन्यावरून संघाची पारख करू नये. आपल्या शाळेच्या संघाच्या दहा सामन्यांची अशी नोंद ठेवा आणि टक्केवारी कशी स्थिरावत जाते ते पाहा.