'घरात कुणालाही सांगू नका' : एका वाक्याचा अभ्यास

वर्गात संवाद वाचताना आपण एक प्रश्न हमखास विचारतो : कोण बोलतंय, कुणाशी आणि कशासाठी? तोच प्रश्न आज एका फोन कॉलला विचारून बघू या. 'डिजिटल अरेस्ट' हा शब्द आता सगळ्यांनी ऐकलाय. पण शब्द माहीत असणं वेगळं आणि तोच फोन आपल्या घरी आल्यावर ओळखता येणं वेगळं.

त्या फोनची संहिता साधारण ठरलेली असते. आधी कुरिअर कंपनीतला किंवा टेलिकॉम खात्यातला कुणीतरी बोलतो : तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, तुमच्या आधारवर भलतंच सिम निघालंय. मग कॉल 'पोलिसांना जोडला' जातो. व्हिडिओवर खाकी वर्दी, मागे पोलीस ठाण्यासारखा देखावा. तुमचा आधार क्रमांक तोच वाचून दाखवतो. सीबीआय किंवा रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्याचं पत्र व्हॉट्सॲपवर येतं. भाषा जड सरकारी हिंदी, मधेमधे 'मनी लाँडरिंग', 'नॉन-बेलेबल', 'व्हेरिफिकेशन'. शेवटी दोन हुकूम. एक, कॅमेरा बंद करायचा नाही आणि घरात कुणालाही सांगायचं नाही. दोन, खात्यातले पैसे 'तपासणीसाठी' अमुक खात्यात टाका, निर्दोष ठरलात की परत मिळतील.

आपलं लक्ष पैशाच्या हुकमाकडे जातं. माझ्या मते खरी चोरी त्याच्या आधीच्या वाक्यात होते.

कारण कायदा नेमका उलटं सांगतो. संविधानाच्या कलम 22 नुसार अटक झालेल्या माणसाला अटकेचं कारण सांगावं लागतं, वकिलाला भेटू द्यावं लागतं आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 48 प्रमाणे अटकेची माहिती नातेवाईक किंवा मित्राला द्यावीच लागते. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट आपल्या कुठल्याच कायद्यात नाही. म्हणजे खरा पोलीस घरच्यांना कळवायला बांधलेला आहे, आणि तोतया नेमकं तेच होऊ देत नाही.

शिकलेल्यांना असं होत नाही, हा गैरसमज. 2024 मध्ये वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना व्हिडिओवर सुप्रीम कोर्टाची खोटी सुनावणी दाखवून 7 कोटी रुपये उकळले गेले. आणि आपल्या जवळचं सांगायचं तर, मार्च 2025 मध्ये खानापूर तालुक्यातल्या एका वृद्ध दांपत्याने अशाच छळानंतर जीव दिला. तिकडच्या कितीतरी घरांत मुलं गोव्यात, मुंबईत नाहीतर आखातात. घरी दोघंच म्हातारी. 'कुणाला सांगू नका' हे वाक्य अशा घरात किती सहज पाळलं जातं, बघा.

म्हणून आजी-आजोबांना नुसतं 'ओटीपी देऊ नका' सांगून भागत नाही. इथे ओटीपी कुणी मागतच नाही. माणूस स्वतः बँकेत जाऊन पैसे पाठवतो. त्यापेक्षा त्यांना एवढं सांगा : फोन ठेवायचा, आणि तो जे बोलला ते आपल्या मराठीत, नाहीतर कोंकणीत, शेजारणीला सांगायचं. 'बाई, पोलीस म्हणतो पैसे तपासायला त्याच्या खात्यात टाक.' घरच्या भाषेत आणल्यावर ते वाक्य उभंच राहत नाही. शेजारीण हसेल, हसू दे की!

लग्नपत्रिका म्हणून येणारी एपीके फाइल आणि 'पैसे मिळवण्यासाठी पिन टाका' हे प्रकार त्यामानाने सोपे. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ॲप नसते. आणि यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही.

पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, लगेच 1930 वर फोन करा. लवकर कळवलं तर पुढच्या खात्यात पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. बँकेला कळवा, व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवा. आणि रागाच्या भरात ते चॅट डिलीट करू नका, पुरावा तोच असतो.