कोवळे वय आणि हातातला फोन

एखाद्या वस्तूबद्दल घरात नेम घालायचा, तर आधी ती वस्तू नीट ओळखावी लागते. मोबाईल म्हणजे विषच, असे काही जण म्हणतात. काही म्हणतात, त्याने काय होते? दोघेही न पाहताच बोलतात. म्हणून अभ्यासकांना काय दिसले ते आधी पाहू आणि मग चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या आपल्या घरांचा विचार करू.

पहिली गोष्ट अशी की फोन आता रानातल्या गावीही पोचला आहे. ‘असर’ पाहणीने 2024 साली ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या मुलामुलींना विचारले. 82.2 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी 57 टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि 76 टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे ‘पोरगं अभ्यासच करतंय’ असे मायबाप समजतात, ते अर्धेच खरे.

दुसरी गोष्ट वयाची. एमी ऑर्बेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील सुमारे 84,000 लोकांची माहिती तपासून 2022 साली निष्कर्ष मांडला. मुलींचे 11 ते 13 आणि मुलांचे 14 ते 15 हे वय नाजूक आढळले. या वयात समाजमाध्यमांचा वापर वाढला, तर वर्षभराने मुलाचे आयुष्याविषयीचे समाधान घटलेले दिसले. उलट बाजूही दिसली. ज्याचे समाधान आधी घटले, ते मूल पुढे फोनकडे जास्त वळले.

आता कोणी शंका घेईल, हा परिणाम फार मोठा आहे काय? तर नाही. 2019 साली ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी अमेरिका व ब्रिटनमधील साडेतीन लाखांहून अधिक मुलांची माहिती पाहिली. मुलामुलांच्या स्वास्थ्यात जो फरक असतो, त्यातला फार तर 0.4 टक्के भाग अशा साधनांच्या वापराशी जुळला. शिवाय जुळणे म्हणजे कारण असणे नव्हे. पण ही सरासरी आहे, हेही ध्यानात ठेवा. वैनगंगेची सरासरी खोली ऐकून कोणी लेकराला डोहात सोडत नाही. डोह कुठे आहे ते बघूनच सोडतो.

आपल्याकडे हा डोह कुठे आहे? 11 ते 15 म्हणजे सहावी ते दहावीचे वय. याच वयात कित्येक लेकरे घर सोडून आश्रमशाळेत राहतात. त्यांना आईचा आवाज फोनवरच ऐकू येतो. मोहफुलांच्या दिवसांत घरची मोठी माणसे पहाटेच रानात जातात, पुढे तेंदूपानांचा हंगाम येतो, आणि मूल व फोन दोघेच घरात उरतात. पडद्यावर शहरातली सजलेली घरे, गोरे चेहरे, नवे कपडे दिसत राहतात. बारा वर्षांची पोर आपला रंग, आपली बोली, आपले कुडाचे घर त्यांच्याशी ताडून पाहते आणि मनात खट्टू होते. ती बोलत नाही. आपण म्हणतो, “काहून गप्प बसली व?” आणि कामाला लागतो.

मग करावे काय?

एक. नेम सगळ्या घराचा असावा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 पासून हाच मार्ग धरला. सायंकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजे आणि दीड तास घरोघरी दूरदर्शन व मोबाईल बंद होत. एकादशी मोठी माणसे धरतात म्हणून लेकरे धरायला शिकतात. बापाच्या हाती रील चालू आणि पोराला उपदेश, हे कसे चालेल?

दोन. रात्री फोन उशाशी नको. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी मन आपोआप चिडचिडे होते.

तीन. नेम मुलांना विचारून ठरवा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात अभ्यासगट बसतो, आणि सर्वांची संमती झाल्यावरच निर्णय होतो. घरातही तसेच करावे. लादलेला नेम मूल चोरून मोडते.

चार. मुलीचाच फोन काढून घेऊ नका. ‘असर’च्या 2023 च्या पाहणीत फोन वापरता येणाऱ्या 14 ते 18 वयाच्या मुलांपैकी 43.7 टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी 19.8 टक्क्यांकडेच. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेची बातमी, मैत्रिणीचा आधार तिलाही लागतो. आणि कोणी फोनवरून त्रास दिला, तर फोन जाईल या भीतीने ती तो सांगणारच नाही.

पाच. मूल फोनला चिकटले, तर आधी त्याचे दुःख विचारा. शाळेत कोणी चिडवते का, घरची आठवण येते का, ते पाहा. जेवणखाण, झोप सुटली, जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलले, तर वाट पाहू नका. शासनाची ‘टेलिमानस’ सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य आहे. मुलांसाठी 1098 आहे.

संगतीने मन घडते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. फोन हीही एक संगतच आहे, आणि ती रात्रंदिवस हजर असते. आपली संगत मात्र लेकरांना किती मिळते? आज सायंकाळी घटकाभर फोन बाजूला ठेवून त्यांच्याजवळ बसा, आणि आधी त्यांनाच बोलू द्या.