खाटेवरचे कुपोषण

वृद्ध रुग्णाचे कुपोषण बहुधा रुग्णालयात येण्याआधीच सुरू झालेले असते. दात पडलेले, तोंडाला चव नाही, एकट्यापुरता स्वयंपाक करण्याचा कंटाळा अशा कारणांनी घरी चहा-बिस्किटांवर आणि आमटीभातावर दिवस निघत असतात. अशा वेळी पडून खुब्याचे हाड मोडले, की शरीराची गरज वाढते आणि नेमकी तेव्हाच भूक जाते. इजा आणि शस्त्रक्रियेच्या ताणात शरीर स्नायूंतील प्रथिने मोडून वापरू लागते. वयामुळे स्नायू आधीच घटलेले असल्याने ही झीज लवकर दिसते.

कुपोषणाबरोबर येणाऱ्या दुर्बलतेची पाच लक्षणे अमेरिकेतील लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी २००१ साली मांडली: वर्षभरात आपोआप घटलेले वजन, सततचा थकवा, हाताची कमजोर पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. यांपैकी तीन आढळली तर व्यक्ती दुर्बल मानतात. कुपोषण आणि दुर्बलता या दोन वेगळ्या अवस्था असल्या तरी एक दुसरीला वाढवते. अंगाने स्थूल माणसाचेही स्नायू झडलेले असू शकतात आणि पायांवरच्या सुजेमुळे घटलेले वजन लपून राहते, त्यामुळे नुसत्या दिसण्यावर विसंबता येत नाही.

रुग्णालयात खाणे कमी होण्याची कारणे साधी असतात. शस्त्रक्रियेआधी घन आहार सहा तास आणि पाणी दोन तास बंद ठेवणे सहसा पुरेसे असते. प्रत्यक्षात रुग्णाला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवले जाते. रक्तदाब वाढला किंवा सोडियम कमी आले म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलली, की दुसऱ्या दिवशी तोच उपास पुन्हा घडतो. पुढे वेदनाशामकांमुळे बद्धकोष्ठ आणि मळमळ होते. कवळी घरी राहिलेली असते, ताट हाताच्या अंतरावर नसते, रात्रीच्या भ्रमामुळे रुग्ण दिवसा झोपून राहतो आणि जेवणाची वेळ निघून जाते.

यात पथ्याची भर पडते. मधुमेहासाठी गोड बंद, रक्तदाबासाठी मीठ बंद आणि ‘पचायला हलके’ म्हणून पेज, वरणाचे पाणी, शहाळे. या तिन्हींतून प्रथिने नगण्य मिळतात. वरणातली डाळ तर तळाशीच राहते. सलाईनने ताकद येते हा समजही खरा नाही. नुसत्या मिठाच्या सलाईनमध्ये कॅलरी नसतात आणि ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या एक लिटर बाटलीतून २०० पेक्षा जास्त मिळत नाहीत.

पडून राहण्याचे नुकसान वेगळे असते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात निरोगी वृद्धांना दहा दिवस खाटेवर झोपवून ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील स्नायूंचे वजन सरासरी एक किलोच्या आसपास घटले. आजारी आणि अर्धपोटी माणसाची झीज याहून जास्त होते. तिचे परिणाम म्हणजे न भरणारी जखम, पाठीवरचे व्रण, जंतुसंसर्ग, पुन्हा पडणे आणि पुन्हा भरती.

हे ओळखण्यासाठी यंत्रसामग्री लागत नाही. प्रस्तुत लेखकाच्या घरातील एका वृद्धेच्या आजारपणात खाटेजवळच्या तक्त्यावर ताप, रक्तदाब आणि लघवी यांची रोज नोंद होती. वजन आणि जेवण यांचा रकानाच नव्हता. तो नातेवाइकांनी वहीत आखावा. भरतीच्या दिवशी आणि पुढे दर आठवड्याला वजन, तसेच प्रत्येक जेवणात ताटातले पूर्ण, अर्धे की पाव खाल्ले, एवढेच लिहावे. तीन ते सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून अधिक घटले असेल, तर धोका मानून आहारतज्ज्ञांना बोलावण्याची विनंती करावी. उभे राहता येत नसेल तर पोटरीचा घेर मोजावा. ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी घेर ही सावधगिरीची खूण आहे. रक्तातील अल्ब्युमिन दाहामुळेही उतरते, म्हणून केवळ त्यावरून पोषण ठरवू नये.

आजारी वृद्धाला दररोज दर किलो वजनामागे सुमारे ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५० किलोच्या व्यक्तीला १,५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७, तर ३० ग्रॅम डाळीच्या घट्ट वरणात किंवा तेवढ्याच शेंगदाण्यांच्या कुटात ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. दोन मोठ्या जेवणांऐवजी सहा लहान खाणी द्यावीत. पेजेत मुगाची डाळ आणि तूप, उपम्यात कूट, खिरीत दूध पावडर घालून त्याच घासाचा कस वाढवता येतो. कवळी आणि चष्मा पहिल्या दिवशीच आणावा, रुग्णाला बसवून भरवावे आणि नंतर अर्धा तास तसेच बसू द्यावे. डॉक्टरांनी परवानगी देताच रोज उभे करून चालवावे, कारण हालचालीवाचून खाल्लेल्याचा स्नायू बनत नाही. अनावश्यक पथ्य सोडता येईल का, हेही विचारावे.

अशा प्रयत्नांचे फळ मोजले गेले आहे. स्वित्झर्लंडमधील आठ रुग्णालयांत दोन हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रत्येकाच्या गरजेनुसार आहार दिलेल्या गटात ३० दिवसांतील मृत्यू ७ टक्के होते, नेहमीचा आहार घेणाऱ्यांत १० टक्के.

तीन बाबतींत मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. अनेक दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या रुग्णाला एकदम भरपूर अन्न दिल्यास फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरून हृदयाला धोका होतो. त्याचा आहार हळूहळू वाढवतात. मूत्रपिंडाचा गंभीर आजार असल्यास प्रथिनांचे प्रमाण बदलते. गिळताना ठसका लागत असेल तर पातळ पदार्थ फुप्फुसात जाऊ शकतात, म्हणून आधी गिळण्याची तपासणी हवी.

घरी सोडताना कागदावर वजन, प्रथिनांचे उद्दिष्ट, आहाराला जोड म्हणून दिलेली पावडर किती दिवस घ्यायची आणि पुढचे वजन कधी करायचे, हे लिहून घ्यावे. गमावलेला स्नायू परत येण्यास महिने लागतात, त्यामुळे टाके निघाल्यावरही ही नोंद चालू ठेवावी.